नवव्या प्रकरणाची चौदा पानं

माझं पुस्तकांबद्दलचं मत चटकन होतं आणि सहसा बदलत नाही. हा गुण नव्हे, हे मला माहीत आहे. नवरा त्याला उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतो. या महिन्यात आमच्या पिशवीत दोन पुस्तकं आली, एक कादंबरी आणि एक आठवणींचं पुस्तक. कादंबरीची नायिका चाळीस पानं खिडकीत उभी आहे. नवरा बाहेरगावी, सासू आजारी, स्वयंपाकघरात दूध उतू चाललंय, आणि ही खिडकीत. आधी गॅस बंद कर बाई, मग काय ते उदास हो, असं मी अभिप्रायात लिहिलं, कागदाची घडी घातली आणि स्टेपल मारली. त्या पुस्तकाचा विषय संपला. दुसऱ्या पुस्तकाबद्दल मला आधी वाटलं ते आणि शेवटी वाटलं ते यांत दहा दिवसांचं अंतर आहे, आणि त्या दहा दिवसांत आमच्या घरातलं बरंच काही हललं.

पिशवीचं सांगते. आम्ही तीन घरं, चार वाचक. शाळेतून निवृत्त झालेले हेडसर दर महिन्याला दोन पुस्तकं निवडतात, दहा दिवसांत वाचतात आणि कापडी पिशवीत घालून आमच्याकडे देतात. आमच्याकडे मी आणि माझे सासरे. आमचे दहा दिवस भरले की पिशवी दोन गल्ल्या सोडून टाचणीमावशींकडे जाते. त्या शिवणकाम करतात आणि तोंडात टाचण्या धरूनच गप्पा मारतात म्हणून हे नाव. प्रत्येकाने आपला अभिप्राय लिहून स्टेपल करायचा, पिशवीच्या कप्प्यात टाकायचा, दुसऱ्याचा उघडायचा नाही. महिनाअखेरीला हेडसरांकडे बसून सगळे एकदम उघडायचे. अकरा वर्षं हे चाललंय. मावशींना यात आणलं ते बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. मावशींचे यजमान वारले तेव्हा त्यांनी तोंडाला कुलूप घातलं होतं, कामंही घेईनात. बाबा स्वतः पुस्तकं घेऊन त्यांच्या दारात गेले आणि रोज जात राहिले. तेव्हापासून मावशी त्यांना भाऊ म्हणतात.

बाबांची नजर तीन वर्षांपूर्वी गेली. पूर्ण नाही, कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. समोरच्या माणसाचे कान दिसतात, तोंड नाही. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. अर्ध्या गावाला माझ्या हातच्या काचांमधून दिसतं, आणि घरच्या माणसाला देण्यासारखी काच माझ्याकडे नाही. म्हणून मी वाचून दाखवते. दुकानातून चारला येते, चहा होतो, साडेचारला आम्ही बसतो. बाबा चौतीस वर्षं कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, नकाशे काढायचे, त्यामुळे त्यांना आकडा लागतो. सुरुवातीला विचारणार, कितवं पान, आणि उठताना विचारणार, कितव्यावर थांबलो. मध्ये एखादं पान चुकून दोनदा उलटलं तर आवाजावरून ओळखणार.

या वेळी हेडसर पिशवी घेऊन आले ते चहालाही थांबले नाहीत. मी जिन्यापर्यंत सोडायला गेले तर ते हळूच म्हणाले, "नववं प्रकरण आधी तू एकटी वाच. मग काय ते ठरव."

"का, सर? काय आहे त्यात?"

"मी सांगणं बरं नाही," ते म्हणाले आणि कठडा धरून भराभर खाली उतरले. एरवी एका पायरीवर दोन पाय टेकवणारा माणूस.

मी आत आले तोवर बाबांनी आठवणींचं पुस्तक मांडीवर घेतलं होतं. लेखक त्यांच्याच कारखान्यातले. बाबांच्या वेळी नवखे इंजिनियर होते, पुढे चढत चढत कारखान्याचे मोठे साहेब झाले. बाबांना त्यांचं कौतुक होतं. "अनुक्रमणिका वाच," ते म्हणाले. मी वाचत गेले. पहिली नोकरी, पहिला पगार, संप, अमुक, तमुक. "नऊ. माल-लिफ्ट."

बाबांचा हात पुस्तकाच्या पाठीवर होता, तो तिथेच थांबला. "किती पानं?"

"एकशे त्रेचाळीस ते एकशे छप्पन्न."

"चौदा," ते म्हणाले. "नववं आलं की सावकाश वाच."

दुसऱ्या दिवशी पुस्तक दुकानात नेलं. जेवणाच्या सुट्टीत काचा घासायच्या यंत्राशेजारी बसून ती चौदा पानं वाचली, आणि डबा तसाच परत आणला.

प्रकरण असं. कारखान्याच्या गोदामात माल वर चढवायला लिफ्ट बसवायची होती. तिचा सगळा भार ज्या लोखंडी कमानीवर, तिला आधी चोवीस बोल्ट ठरले होते. मग लिफ्टची क्षमता वाढवली आणि वरून पत्र आलं की बोल्ट बत्तीस करा. लिफ्ट बसवली आणि तिसऱ्या आठवड्यात ती मालासकट खाली आली. एका हमालाचा पाय गेला. चौकशी झाली. नकाशावर बत्तीस लिहिलेलं होतं, कमानीत चोवीसच निघाले. काम फोरमनने करवून घेतलं होतं, तेव्हा फोरमनला काढून टाकलं. इथपर्यंत मला ठाऊक होतं, कारण तो फोरमन म्हणजे टाचणीमावशींचे यजमान. पुढचं ठाऊक नव्हतं. साहेबांनी लिहिलं होतं:

"चौकशीच्या आदल्या दिवशी मी नकाशाचा मूळ ट्रेसिंग कागद उजेडावर धरला. बत्तीसच्या आकड्याखाली कागद पातळ झाला होता. ब्लेडने शाई खरवडली की असं होतं. आधी तिथे चोवीस होतं. आमचे ड्राफ्ट्समन पत्र आल्यावर नकाशा बदलायला विसरले होते, अपघातानंतर त्यांनी तो बदलला होता, आणि वर्कशॉपमधली जुनी प्रत नेऊन नवी ठेवली होती. मी कागद खाली ठेवला आणि गप्प बसलो. दोन महिन्यांनी मला बढती मिळाली. ड्राफ्ट्समन अजून हयात आहेत, पुष्कळ वाचतात, असं ऐकतो. हे ते कधी बोलतील असं मला वाटत नाही. फोरमनचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही."

मला इतका राग आला की कानशिलं तापली. माझे सासरे? चुकून दुसऱ्याची छत्री घरी आणली म्हणून भर पावसात ती परत द्यायला गेलेला माणूस? मी लग्न होऊन आले तेव्हा या घरात मला माहेरच्यासारखं वाटलं ते एकाच जागी, त्यांच्या पुस्तकांच्या कपाटापाशी. "हवं ते काढ, विचारत जाऊ नकोस," असं मला पहिल्या आठवड्यात सांगणारे ते. मी तिथल्या तिथे अभिप्राय लिहिला. स्वतःच्या बढतीची टोचणी लागली म्हणून लेखकाने एका आंधळ्या म्हाताऱ्यावर चिखल फेकला आहे. असल्या पुस्तकाला आठवणी म्हणू नये, कुटाळक्या म्हणावं. स्टेपल इतकी जोरात मारली की शेजारच्या यंत्रावरचा कारागीर म्हणाला, "बाई, कागद मेला."

राग ओसरला तेव्हा भीती वाटू लागली. आठव्या-नवव्या दिवशी हे प्रकरण मला बाबांना वाचून दाखवायचं होतं. गाळता येणार नव्हतं. ते वाट बघत होते, आणि चौदाचा आकडा त्यांच्या डोक्यात पक्का होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. डोळे गेलेले, बायको गेलेली. हातात उरलं होतं ते एक नाव. ते मी माझ्या तोंडाने पुसायचं? आणि दहाव्या दिवशी हीच पिशवी मावशींकडे जाणार. त्यांनी हे वाचलं की अकरा वर्षांच्या भाऊपणाचं काय? पुस्तक हरवलं म्हणावं, असंही मनात आलं. पण बाजारातून आणखी एक प्रत आणायला हेडसरांना किती वेळ लागणार होता?

मग मी ते केलं. नववं प्रकरण मीच लिहिलं.

काचा ज्या छोट्या कागदी पाकिटांतून येतात, ती मी कापून उलटी केली. रोज जेवणाच्या सुट्टीत त्यावर लिहीत गेले. साहेबांची भाषा मला एव्हाना पाठ झाली होती: तोकडी वाक्यं, कुणाचं फारसं कौतुक नाही, हवामान कधीच नाही. माझ्या प्रकरणात लिफ्ट पडली ती बोल्टांच्या पोलादात खोट होती म्हणून. माल पुरवणारा कुठला तरी लांबचा, नंतर धंदा गुंडाळून गेलेला. फोरमनचा दोष नाही, कुणाचाच नाही. ड्राफ्ट्समनबद्दल मी तीन ओळी घातल्या. खरं सांगते, लिहिताना मजा येत होती. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांना नावं ठेवली, आता म्हटलं बघू आपल्याला जमतं का. चौदा पानांचा मजकूर चार दिवसांत झाला.

आठव्या दिवशी आठवं प्रकरण संपलं. बाबा म्हणाले, "उद्या नववं."

नवव्या दिवशी त्यांनी दाढी केली होती, दुपारी. इस्त्रीचा शर्ट घातला होता. खुर्ची माझ्याकडे वळवून घेतली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले. मी पाकिटं पुस्तकात घातली, घसा साफ केला.

"कितवं पान?"

"एकशे त्रेचाळीस."

मी सावकाश वाचलं. दर दीड-दोन पाकिटांनी खरं पान उलटत होते, आवाज यावा म्हणून. बाबा हलले नाहीत. पोलादाच्या खोटीपाशी आले तेव्हा त्यांनी मान किंचित वाकडी केली. मला वाटलं, बरं वाटलं त्यांना. शेवटचं पाकीट वाचलं: "आमच्या ड्राफ्ट्समनच्या कागदावर मला कधी चूक सापडली नाही. त्यांनी काढलेला नकाशा बघितला की मला निश्चिंत वाटे. असा माणूस पुन्हा भेटला नाही."

"शेवटचं पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. बाबांच्या कपाळावर घाम आला होता.

"कागद घे," ते म्हणाले. "अभिप्राय."

"अजून चार प्रकरणं आहेत बाबा."

"कागद घे म्हटलं ना!"

सतरा वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदा ओरडले. मी कागद घेतला. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. "पान एकशे त्रेचाळीस ते एकशे छप्पन्न या भागात लेखक खोटं बोलतो. पोलादात खोट नव्हती. नकाशावर चोवीस बोल्ट मी ठेवले, बदलायला विसरलो. अपघातानंतर ते ब्लेडने खरवडून बत्तीस केले. जुनी प्रत मी वर्कशॉपमधून आणून जाळली. फोरमनने माझ्या नकाशाप्रमाणे काम केलं. लेखकाला हे माहीत होतं असा मला संशय होता. आता खात्री झाली, कारण माहीत नसतं तर त्याने माझी एवढी तरफदारी केली नसती. माझ्यावर दया करून त्याने खरं झाकलं, आणि पुन्हा एकदा त्या फोरमनला मारलं. मला ही दया नको." थोडं थांबले. "खाली माझं नाव. आण, स्टेपल मी मारतो."

त्यांनी बोटांनी कडा जुळवल्या, स्टेपल मारली, कप्पा चाचपून कागद आत टाकला. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. पायाखालची वाळू सरकणं म्हणतात ते पुस्तकात वाचून मला नेहमी हसू यायचं. त्या दिवशी आलं नाही. मी ज्याला खोटारडा म्हणून स्टेपल मारली होती त्याने अक्षर न अक्षर खरं लिहिलं होतं, आणि खोटं लिहिलं होतं मी. आणि माझ्या खोट्यामुळे बाबांनी आयुष्यातलं सगळ्यात खरं वाक्य सांगितलं होतं, ते नसलेल्या प्रकरणाला उत्तर म्हणून. तो कागद महिनाअखेरीला उघडला असता तर सगळ्यांना वाटलं असतं, म्हाताऱ्याला भ्रम झाला.

सांगायलाच हवं होतं. चहा टाकला, तो आटून गेला, पुन्हा टाकला. तेवढ्यात नवरा कामावरून आला. त्याला दारातच सगळं सांगितलं. तो बूट काढता काढता थांबला, एक पायात, एक हातात.

"मग पुस्तक सरांना परत दे," तो म्हणाला. "मावशींना सांगू, या महिन्यात प्रत खराब निघाली. झाकली मूठ सव्वा लाखाची. तीसच्या वर वर्षं झाली त्याला!"

"मला ऐकू येतंय," आतून बाबा म्हणाले. "नजर गेलीय, कान नाही. दोघं इकडे या. काय पुस्तक परत द्यायचं म्हणताय?"

मी गेले, जमिनीवर बसले आणि सांगितलं. पाकिटांपासून सगळं. त्यांनी हात पुढे केला, मी पाकिटं त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बोटांनी मोजली.

"म्हणजे हे तू लिहिलंस."

"हो."

"माझ्या घरात बसून, माझ्या कानात." त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्त लागला. "तीन वर्षं मी तुझ्या तोंडून वाचतोय. तू जे म्हणशील ते पुस्तक. आता मी काय समजू, आजपर्यंत काय वाचलं? आणखी कुठे केलंस हे?"

"कुठेच नाही. शपथ."

"नीट आठव."

मी आठवलं. "एकदा. त्या मेंढपाळाच्या कादंबरीत. शेवटी कुत्रं घरी येतं असं वाचलं होतं मी."

"मग?"

"ते मेलं होतं."

बाबांनी मान वर केली. "मेलं?"

"हो."

"तरीच," ते म्हणाले. "तो शेवट मला भोंगळ वाटला होता. लेखकाला मी उगाच नावं ठेवली." मग कपाळ पुसलं. "आणि आज वाटत होतं, साहेब एकदम इतका गोड कसा झाला. 'निश्चिंत वाटे' म्हणे. त्या माणसाला कधी निश्चिंत वाटलं नाही. असो. आता खरं वाच."

"बाबा, नको," नवरा म्हणाला.

"तू बस खाली. वाच गं. एकशे त्रेचाळीस."

मी वाचलं. त्यांनी एकदाच थांबवलं. कागद उजेडावर धरला, असं होतं तिथे म्हणाले, "बरोबर. काचेच्या टेबलाखाली दिवा असायचा." शेवटचा परिच्छेद ऐकल्यावर ते उठले, भिंत धरून खिडकीपाशी गेले, परत आले.

"पिशवी उद्या जायची ना मावशींकडे? मी नेणार."

नवऱ्याने कपाळाला हात लावला. "बाबा, हे हात दाखवून अवलक्षण आहे. त्या वाचतील, त्यांचं त्या समजतील. बोलायच्या असतील तर बोलतील. तुम्ही कशाला समोर जाता? काही झालं तुम्हाला तर?"

"तिने साहेबाच्या पुस्तकातून वाचायचं?" बाबा म्हणाले. "मी दोन गल्ल्यांवर राहत असताना?"

मी पिशवी दाराशी आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून अर्धी सुट्टी घेतली. बाबांनी पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली, दुसरा हात माझ्या दंडावर. दोन गल्ल्या चालायला वीस मिनिटं लागली. सायकल दुरुस्तीवाल्यापाशी थांबले, पाणी प्यायले. पाव विकणाऱ्या दुकानापाशी पुन्हा थांबले. "परत जायचं का?" मी विचारलं, आणि मला मनापासून वाटत होतं की त्यांनी हो म्हणावं. त्यांनी नुसतं माझ्या दंडावर बोटं दाबली. आम्ही पुढे निघालो.

मावशींची खोली रस्त्यालगत, दार उघडंच. मशीनवर निळ्या कापडाचा ढीग, शाळेचे गणवेश. तोंडात टाचण्या होत्या. "भाऊ! तुम्ही कशाला आलात, हिने आणली असती ना पिशवी. बसा, बसा. तुमच्या शर्टाचं माप घ्यायचंच होतं." टाचण्यांमधून त्या एवढं सगळं स्पष्ट बोलतात हे मला नेहमीच नवल वाटतं.

बाबा बसले नाहीत. उभ्याउभ्याच बोलले, मावशींच्या आवाजाच्या दिशेने, थोडं चुकीच्या बाजूला तोंड करून. मी त्यांना वळवलं नाही. त्यांनी प्रस्तावना केली नाही, माफीही आधी मागितली नाही. पत्र आलं, विसरलो, लिफ्ट पडली, खरवडलं, प्रत जाळली. "तुमच्या यजमानांची चूक नव्हती," ते म्हणाले. "माझी होती. मला तेव्हाही माहीत होतं. यात लिहिलंय ते. तुम्ही वाचण्याआधी माझ्या तोंडून ऐकावं म्हणून आलो."

मावशींनी टाचण्या एकेक करून तोंडातून काढल्या आणि गादीत खोचल्या. बराच वेळ लागला. रस्त्यावरून एक हातगाडी गेली.

"पुस्तकं घेऊन आलात ते म्हणून?" त्यांनी विचारलं. "अकरा वर्षांपूर्वी?"

"हो."

"मला वाटलं, माणूस चांगला आहे."

बाबांनी मान खाली घातली. मला रडू येत होतं, आणि मला राग पण येत होता, आणि कुणाचा ते कळत नव्हतं. मावशींनी माझ्याकडे बघितलं. "तू वाचलंस हे?"

"हो, मावशी."

"कसं आहे?"

हा प्रश्न त्यांनी मला अकरा वर्षांत शंभर वेळा विचारला असेल, आणि मी दर वेळी अर्धा तास बोलले असेन. "खरं आहे," मी म्हटलं.

"मग वाच. मोठ्याने. यांच्यासमोर." त्यांनी पायाने स्टूल बाबांकडे सरकवलं. "बसा तुम्ही."

मी दारात बसून चौदा पानं वाचली. मावशी शिवत राहिल्या. मशीन चालू, थांबलं, पुन्हा चालू. मला मध्येमध्ये आवाज चढवावा लागत होता. हमालाच्या पायाचं आलं, चौकशीचं आलं, ब्लेडचं आलं. मशीन चालूच होतं. मग शेवटची ओळ आली: "फोरमनचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही." मशीन थांबलं.

"पेन आहे?" मावशी म्हणाल्या.

आमच्यात पुस्तकावर खूण करायची नाही, शिसपेन्सिलनेसुद्धा नाही, असा कडक नियम आहे. मी पेन काढलं.

"त्या ओळीच्या खाली जागा आहे ना, तिथे लिही. पुढे त्यांना कुणी कामावर घेतलं नाही. कापडाच्या गोदामावर पहारा करायचे. बावीस वर्षं." त्या नीट सावकाश सांगत होत्या, मला लिहायला वेळ देत. "झोपेत बोल्ट मोजायचे. मोठ्याने. चोवीसपर्यंत यायचे आणि मला हलवून उठवायचे. म्हणायचे, आठ कुठे गेले गं? मी स्वतः लावले असणार, मग आठ कुठे गेले? मी म्हणायची, तुम्ही विसरला असाल, झोपा आता."

मी लिहिलं. बाबा म्हणाले, "चोवीसच होते. कागदावर चोवीसच होते. त्याने सगळे लावले."

मावशींनी त्यांच्याकडे बघितलं. "हे मला काय सांगता," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगायचं होतंत."

माझा हात थांबला होता. मावशींनी कापड पुन्हा सुईखाली सारलं.

"थांबलीस का?" त्या मला म्हणाल्या. "हेही लिही."